शेतीकामातील अपघात आणि नुकसानभरपाईचा हक्क

शेतीत यांत्रिक शक्तीचा वापर वाढला तसे शेतकऱ्याचे आणि शेतमजुराचे कष्ट पुष्कळ हलके झाले. खळ्यात बैलांची पात धरून दिवसचे दिवस चालणारी मळणी आता काही तासांत उरकते. कडब्याची कुट्टी, उसाची वाहतूक, विहिरीतील पाण्याचा उपसा ही सारी कामे यंत्रावर आली. परंतु बैल बुजला तर माणसाला बाजूला होण्यास सवड असते. फिरत्या पात्यात हात सापडला किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात गुंतला तर ती सवड मिळत नाही. सुगीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत, अपुऱ्या उजेडात व थकलेल्या शरीराने काम चालू असता असे अपघात होतात आणि धडधाकट माणूस क्षणात अपंग होतो.

त्यानंतर गावात बहुधा काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. यंत्राचा किंवा शेताचा मालक जखमी मजुराला तातडीने दवाखान्यात नेतो, तेथील खर्चही पुष्कळदा तोच करतो. पुढे गावातील चार वडीलधारी मंडळी बसतात, काही हजारांची रक्कम ठरते, आणि ‘यापुढे माझे काही मागणे राहिलेले नाही’ अशा आशयाच्या कागदावर मजूर उरलेल्या हाताचा अंगठा उठवतो. यात मालक दुष्टच असतो असे नव्हे. कित्येकदा तोही पाच-सहा एकरांचा धनी असतो आणि आपण माणुसकीने वागलो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. तथापि कायदा या व्यवहाराकडे माणुसकीचा प्रश्न म्हणून पाहत नाही. तो त्याला देणे समजतो, आणि त्या देण्याचा हिशेब गावच्या बैठकीतील हिशेबाहून फार निराळा असतो.

भरपाई कशाची?

नुकसानभरपाई म्हणजे गेलेल्या हाताची किंमत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. हाताची किंमत कोणालाच करता येणार नाही. भरपाई होते ती त्या हाताने पुढील आयुष्यात जी कमाई झाली असती तिची. म्हणूनच पंचविशीतील माणसाची भरपाई पन्नाशीतील माणसापेक्षा अधिक असते, आणि म्हणूनच मजुरीचा दर व वय या दोन गोष्टी सिद्ध करणे इतके महत्त्वाचे ठरते. दयेपोटी दिलेल्या मदतीत या दोहोंचा विचार क्वचितच होतो.

आपल्या देशात १९२३ पूर्वी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात शाबीत करावा लागत असे. ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अंमलात आला आणि त्याने ही अट काढून टाकली. चूक कोणाची, हा प्रश्नच मागे पडला. अपघात कामामुळे व काम चालू असताना झाला काय, एवढेच पाहिले जाऊ लागले. २०१० पासून या कायद्याच्या नावात कामगाराऐवजी कर्मचारी हा शब्द आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आल्यावर त्यातील व्यवस्था त्या संहितेत समाविष्ट झाली. नाव बदलले तरी मूळ तत्त्व शंभर वर्षे तेच राहिले आहे.

हा कायदा शेतीला लागू नाही, असे अनेक मालक व मजूर दोघेही समजतात. हातविळ्याने कापणी करणाऱ्या किंवा खुरपणी करणाऱ्या मजुरापुरते ते बहुतांशी खरे आहे. परंतु कायद्याच्या अनुसूचीत ज्या कामांची यादी दिली आहे तीत ट्रॅक्टरने किंवा अन्य यांत्रिक शक्तीवर अथवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी केलेल्या शेतीचा स्पष्ट उल्लेख आहे. सबब मळणी यंत्रावर पेंढ्या घालणारा, विजेच्या कुट्टीयंत्रावर काम करणारा, ट्रॅक्टर चालविणारा मजूर या कायद्याच्या कक्षेत येतो. कूपनलिकेच्या कामावरील मजुराचाही यादीत समावेश आहे. मजूर रोजंदारीवर, चार दिवसांपुरता ठेवलेला होता, एवढ्यावरून मालकाची जबाबदारी टळत नाही. नैमित्तिक मजुरांना वगळणारा भाग २००० साली कायद्यातून काढून टाकण्यात आला.

यंत्र एकाचे, रास दुसऱ्याची, असाही प्रकार सुगीत नेहमीचा असतो. यंत्राचा मालक आपली टोळी घेऊन गावोगाव फिरतो आणि पोत्यामागे दर ठरवून मळणी करून देतो. अशा वेळी ज्या शेतकऱ्याच्या खळ्यात व ज्याच्या कामासाठी टोळी लागली होती त्याच्याकडेही भरपाईची मागणी करता येते. त्याला ती द्यावी लागल्यास पुढे ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे. ‘मजूर माझा नव्हे, यंत्रवाल्याचा’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. ठेका देताना यंत्रवाल्याने आपल्या मजुरांचा विमा उतरविला आहे काय, हे विचारून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. दर ठरविताना पोत्यामागे रुपया-दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस होते, पण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हिशेब कसा होतो?

उदाहरणार्थ, चाळीस वर्षे पूर्ण झालेला एक मजूर घेऊ. त्याचे महिन्याचे वेतन १२,००० रुपये आहे आणि मळणी यंत्रात सापडून त्याचा एक हात मनगटापासून गेला आहे. कायम व पूर्ण अपंगत्व असेल तर वेतनाचे ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, हा आधार धरतात व त्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणतात. चाळीस वर्षांसाठी हा अंक १८४.१७ आहे. गुणाकार १३,२६,०२४ रुपये होतो. मात्र एक हात जाणे हे अनुसूचीत कायम अंशतः अपंगत्व मानले असून त्यासाठी कमाईची शक्ती ६० टक्के घटली असे धरले जाते. तेव्हा वरील रकमेचे ६० टक्के, म्हणजे सुमारे ७,९५,६१४ रुपये, ही त्या मजुराची भरपाई होय. गावच्या बैठकीत ठरणारी रक्कम याच्या शेजारी ठेवून पाहावी.

अनुसूचीत निरनिराळ्या इजांसाठी असे प्रमाण दिलेले आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, एक डोळा गेला व दुसरा शाबूत राहिला तर ४० टक्के. मृत्यू झाल्यास वेतनाच्या ५० टक्क्यांना वयाच्या अंकाने गुणतात. मजूर काही काळापुरताच अंथरुणाला खिळला असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या चतुर्थांश रक्कम देय होते. वरील मजुराला ती ३,००० रुपये मिळेल. दवाखान्यात मालकाने केलेला खर्च या रकमांतून वजा होत नाही. तो खर्च निराळा, भरपाई निराळी.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शरीराचे अपंगत्व किती टक्के, हे डॉक्टर सांगतात. कमाईची शक्ती किती गेली, हा निराळा प्रश्न आहे. कारकुनाचा एक पाय अधू झाला तर त्याचे काम चालू राहू शकते. नांगर धरणाऱ्या किंवा उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या माणसाचा पाय तितकाच अधू झाला तर त्याची उपजीविका संपते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. त्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली असे धरले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याचे अपंगत्व पूर्ण समजले पाहिजे. कायद्यातील पूर्ण अपंगत्वाची व्याख्याच अशी आहे की, अपघाताच्या वेळी माणूस जी कामे करू शकत होता ती सर्व करण्यास तो असमर्थ झाला पाहिजे. वर हिशेब दिलेल्या मजुराने हा मुद्दा नीट मांडला व तो मान्य झाला, तर त्याची भरपाई ७,९५,६१४ वरून १३,२६,०२४ रुपयांवर जाते. पाच लाखांहून अधिक असा हा फरक केवळ एका मुद्द्याच्या मांडणीवर अवलंबून आहे. याकरिता डॉक्टरांच्या दाखल्यावर टक्केवारीबरोबरच ‘जड काम करण्यास असमर्थ’, ‘दोन्ही हातांनी पकडीचे काम करता येत नाही’ अशी वस्तुस्थिती नमूद करून घेणे अत्यावश्यक आहे.

मजुराच्या चुकीने अपघात झाला, ही मालकाची नेहमीची तक्रार असते. मजूर दारूच्या अंमलाखाली असणे, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडणे, किंवा यंत्राचे संरक्षक साधन त्याने हेतुतः काढून टाकणे, या तीन कारणांनीच भरपाई नाकारता येते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही कारणे चालत नाहीत. साधा हलगर्जीपणा, डुलकी, घाई यांचा कायदा विचार करीत नाही. उलट मळणी यंत्राची पेंढी घालण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब व त्यापैकी ४५ सेंटिमीटर झाकलेली असावी, हे प्रमाण ठरलेले असता आखूड व उघड्या पन्हळीची स्वस्त यंत्रे अद्यापही वापरात दिसतात. हात पात्यापर्यंत पोहोचणारच नाही, एवढ्याच साध्या हेतूने हे माप ठरविले आहे.

आता बैठकीतील त्या कागदाविषयी. कायद्याने मिळणारा भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल समजला जातो. मजुराने अंगठा उठविला असला तरी त्याचा दावा त्यामुळे बुडत नाही. मृत्यूच्या बाबतीत तर भरपाई वारसांच्या हातात परस्पर देणे कायद्याला मान्यच नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते व तो अधिकारी वारसांत वाटप करतो. हे मालकाच्याही फायद्याचे आहे. परस्पर दिलेले पैसे हिशेबात धरले जात नाहीत आणि देण्यास विलंब झाल्यास व्याज, तसेच ५० टक्क्यांपर्यंत दंड सोसावा लागतो. लहान शेतकऱ्याला आठ लाख रुपये एकरकमी देणे म्हणजे जमीन विकण्याची पाळी येण्यासारखे आहे, हेही नाकारता येत नाही. यावर उपाय मजुराचा हक्क कापणे हा नसून सुगीपूर्वी मजुरांचा भरपाई विमा उतरविणे हा आहे. विमा कंपन्या असा विमा देतात.

जमीनधारकासाठी शासनाची योजना

वरील सर्व विवेचन ज्याला मालक आहे त्याच्यापुरते झाले. शेतकरी स्वतःच्याच शेतात, स्वतःच्याच पंपाचा झटका बसून किंवा साप चावून दगावला, तर मागायचे कोणाकडे? यासाठी महाराष्ट्रात २००५ पासून शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची व्यवस्था होती. विमा कंपन्या किरकोळ त्रुटी काढून दावे परत पाठवितात, अशा तक्रारी होत राहिल्याने एप्रिल २०२३ पासून कंपनीला मधून वगळून शासनच थेट रक्कम देते. तिचे नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असे आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला, १० ते ७५ वर्षे वयाचा शेतकरी व त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेला एक सदस्य तिच्या कक्षेत येतात. मृत्यू झाल्यास, किंवा दोन अवयव अथवा दोन डोळे गेल्यास दोन लाख रुपये, आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. वीज पडणे, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, सर्पदंश व विंचूदंश, उंचावरून पडणे, जनावराने केलेली इजा, फवारणीतील विषबाधा, रस्त्यावरील अपघात, तसेच बाळंतपणातील मृत्यू यांचाही तीत समावेश आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे अपघातापासून ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो आणि निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. त्याच अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या खात्याच्या योजनेचा लाभ घेतला असल्यास हा लाभ मिळत नाही.

या योजनेतील रक्कम ठोक आहे. तिच्यात वय व कमाई यांचा हिशेब नाही, हे तिचे वैगुण्य म्हणता येईल. त्याहून मोठी उणीव अशी की, ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन नाही तो शेतमजूर तिच्या बाहेर राहतो, आणि यंत्रापुढे बहुधा तोच उभा असतो. अशा कुटुंबांनी बँकेच्या बचत खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी चुकवू नये. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला तीत अपघाती मृत्यूसाठी किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख व एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास एक लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असून मे महिन्याअखेर खात्यात तेवढी शिल्लक नसली, तर विमा बंद पडतो.

रस्त्यावरील अपघात

वाहनामुळे झालेल्या इजेचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तेथे दोन वाटा आहेत. चूक कोणाची हे शाबीत न करता मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. किंवा चालकाची चूक दाखवून वय, कमाई, औषधोपचार, वेदना या सर्वांची पूर्ण भरपाई मागता येते. दुसऱ्या वाटेत जखमी माणसाची स्वतःची काही चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते. कामावर असताना वाहनाचा अपघात झाला तर मजुराने कामगार भरपाई किंवा मोटार भरपाई यांपैकी एकच मार्ग पत्करावयाचा असतो. दोन्हीकडे दावा चालत नाही. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे. त्याच तारखेपासून न्यायाधिकरणाकडे दावा सहा महिन्यांच्या आत करण्याचा दंडक घातला गेला आहे, म्हणून दिरंगाई करू नये.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मजूर, वऱ्हाडी किंवा यात्रेकरू नेण्याची प्रथा सर्रास आहे. ट्रॅक्टर व ट्रॉली ही शेतमालासाठी आहेत, माणसांच्या वाहतुकीसाठी नव्हेत. ट्रॉली उलटली तर आत बसलेल्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनी पुष्कळदा नाकारते, आणि मग सारा बोजा ट्रॅक्टरमालकावर पडतो. त्याच्याजवळ देण्यासारखे काही नसले तर न्यायाधिकरणाचा हुकूम हाती असूनही जखमींना पैसा मिळत नाही. ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर बसून जाणाऱ्याचीही गत हीच.

पहिले दोन दिवस

दाव्याचा निकाल वर्ष-दोन वर्षांनी लागो, त्याचे भवितव्य बहुधा पहिल्या दोन दिवसांतच ठरलेले असते. दवाखान्यात दाखल होताना इजा कशी झाली, हे डॉक्टर लिहून घेतात. पोलिसांचा ससेमिरा नको, मालकाला त्रास नको, म्हणून नातेवाईक ‘पडला’ किंवा ‘घरी लागले’ असे सांगतात. तो एक शब्द पुढे दाव्याच्या आड उभा राहतो. कुट्टीयंत्रात हात गेला असेल तर तसेच, स्थळ व वेळ यांसह, लिहून घ्यावे.

फवारणीतील विषबाधेत तर ही दक्षता अधिकच हवी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा होऊन कित्येकांचे प्राण गेले. अशा रोग्याच्या कागदावर नुसते ‘विषबाधा’ असे लिहिले गेले तर ती आत्महत्या असल्याचा संशय घेतला जातो, आणि आत्महत्येला शासकीय अनुदान नाही. ‘शेतात फवारणी करीत असता’ हे शब्द लिहवून घ्यावेत. औषधाचा डबा, त्यावरील चिठ्ठी व खरेदीची पावती फेकून देऊ नये. मृत्यू झाल्यास पोलिसांना खबर न देता व शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकणे कुटुंबाला महागात पडते. सर्पदंशात हे फार घडते. मांत्रिकाकडे वेळ जातो, माणूस दगावतो आणि मृत्यूचे कारण कोठेच नोंदले जात नाही.

पोलीस खबर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याचे सर्व कागद, वयाचा दाखला, सातबारा किंवा मजुरीचा पुरावा यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. मजुरीचा लेखी पुरावा शेतमजुराजवळ सहसा नसतो. अशा वेळी सोबतच्या मजुरांची साक्ष, मुकादमाची वही, किंवा शासनाने ठरविलेला किमान वेतनाचा दर आधार म्हणून पुढे करता येतो. मालकाला अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी आणि तिची पोच ठेवावी. कामगार भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करता येतो. परंतु तोवर टोळी पांगते, यंत्र विकले जाते, साक्षीदारांना तारीख आठवत नाही.

वकिलाची फी परवडत नाही, या कारणाने दावा सोडून देण्याची गरज नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सर्वजण यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करावा. अर्जासोबत वर सांगितलेल्या कागदांच्या प्रती जोडाव्यात आणि मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत.